‘आलं का?’ : एका फिरत्या तारेचा मागोवा

आखाड्यासमोरच्या लिंबाच्या शेंड्यावरून आधी दोरी टाकावी लागते. मराठवाड्यातल्या कुरुंद्याच्या शिवारात हे काम गोफणीनं होईल असं वाटलं होतं, पण गोफण फिरवताना दोरी आपल्याच हाताला गुंडाळली जाते. बेचकी बरी. गोट्याला मासेमारीची नायलॉन दोरी बांधायची, फांद्यांच्या वरून पलीकडे उडवायची आणि त्या दोरीमागून वीस मीटर बारीक तार वर ओढून घ्यायची. तारेचं खालचं टोक माझ्याजवळ, एका डबीत. डबीतून निघालेली केबल जेवणाच्या डब्याएवढ्या रेडिओला. रेडिओची ताकद पाच वॅट. घरात रात्री जळणारा जुना झिरोचा बल्ब नावालाच झिरो, तो पंधरा वॅट खातो. म्हणजे माझं सगळं प्रसारणकेंद्र त्या बल्बच्या एक तृतीयांश.

तारेचं दुसरं टोक धरून पुतण्या धुऱ्यावर उभा आहे. तार दोन पावलं पुढं ओढून तो ओरडतो, “काका, आलं का?”

हा प्रश्न त्याला कुणी शिकवलेला नाही. 1980च्या दशकात मराठवाड्यात ज्यांनी टीव्ही पाहिला, त्या प्रत्येकानं तो एकदा तरी विचारला आहे. घरातलं एक माणूस माळवदावर चढून शिडीसारखा अँटेना फिरवायचं. दुसरं दारात उभं राहून निरोप पोचवायचं. तिसरं पडद्यासमोर बसून सांगायचं, “मुंग्या आहेत... आता आवाज आला, चित्र नाही... थांब, थांब, तिथंच धर!” रामायणाच्या रविवारी सकाळी हे संवाद गल्लीभर चालत. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या दोन जपान्यांनी 1926च्या सुमारास मांडलेली ती रचना होती. माळवदावरच्या माणसाला ती नावं माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती : अँटेना हातात असलेल्याला चित्र दिसत नाही. ज्याला दिसतं, त्यानं सांगावं लागतं.

प्रवासात सोबत नेता येईल असा छोटा अँटेना आणि तो जुळवण्याची खटपट, हा हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम लोकांचा, जुना नाद. त्याचा इतिहास तारेच्या लांबीवरून सांगता येतो, धातूवरून सांगता येतो. मला तो या प्रश्नावरून सांगावासा वाटतो. तार जुळली की नाही, हे कळायचं कसं? दर पिढीनं याचं वेगळं उत्तर शोधलं आणि त्या उत्तरानुसार तार आखूड होत गेली.

ठिणगी आणि बंदूक

पहिलं उत्तर ठिणगीचं होतं. जर्मनीत कार्ल्सरूह इथं 1886 ते 1888 या काळात हाइनरिख हर्ट्झनं विद्युतचुंबकीय लाटा सोडल्या आणि पकडल्या. सोडणारी बाजू म्हणजे मधोमध फट असलेली सरळ तार, आजच्या डायपोलची पणजी. पकडणारी बाजू म्हणजे एक तारेचं कडं, त्यालाही केसाएवढी फट. कड्याचा आकार पहिल्या तारेशी जुळला की त्या फटीत बारीक ठिणगी उडायची. ती पाहायला खोलीत अंधार करावा लागे. रेडिओच्या जन्माआधीच अँटेना जुळवण्याचं काम डोळ्यानं सुरू झालं होतं.

लाट खोलीबाहेर गेली तेव्हा डोळा अपुरा पडला. 1895 साली इटलीत बोलोन्याजवळच्या आपल्या घरी गुल्येल्मो मार्कोनी प्रयोग करत होता. तारेचं एक टोक उंच टांगलं आणि दुसरं जमिनीत पुरलं की पल्ला एकदम वाढतो, हे त्याला तिथं उमगलं. त्या हकिकतीत त्याचा भाऊ अल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन शेतात दूर जातो आणि संदेश आला की रुमाल हलवतो. मग यंत्र टेकडीपलीकडं नेलं. तिथून रुमाल दिसणार नाही, म्हणून अल्फोन्सोनं बंदूक नेली. इकडं मार्कोनीनं कळ दाबली आणि टेकडीमागून बार ऐकू आला. टेकडीपलीकडं गेलेल्या बिनतारी संदेशाची पहिली पोच बंदुकीनं द्यावी लागली. ‘अँटेना’ हा शब्दही मार्कोनीच्याच भाषेतला. इटालियनमध्ये त्याचा अर्थ काठी, खांब. तार ज्यावर टांगायची त्या खांबाचं नाव पुढं तारेलाच चिकटलं.

जुळवणीचं शास्त्रही त्याच दशकातलं. दोन तंबोरे एका सुरात लावले आणि एकाची तार छेडली की दुसऱ्याची तार हात न लावता थरथरते. विजेच्या मंडलांचंही तसंच असतं, हे धरून ऑलिव्हर लॉजनं 1897 साली सुरेल मंडलांचं पेटंट मागितलं. 1900 साली मार्कोनीनं आपलं गाजलेलं 7777 क्रमांकाचं पेटंट घेतलं. तेव्हापासून अँटेना केवळ टांगायची वस्तू राहिली नाही, ती लावायची वस्तू झाली, तंबोऱ्यासारखी.

पण तंबोरा वाऱ्यावर उडवला तर? 12 डिसेंबर 1901. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची सिग्नल हिल. अटलांटिकपलीकडून, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून येणारा संदेश पकडायला मार्कोनीनं पतंगाच्या आधारानं सुमारे दीडशे मीटर तार हवेत सोडली. वारा सोसाट्याचा होता. पतंग वरखाली झाला की तारेचा जमिनीशी असलेला विद्युत संबंध बदले, आणि मग मोठ्या मेहनतीनं लावलेली जुळणी दर झोक्याला सुटे. शेवटी त्यानं जुळवलेला ग्राहक बाजूला ठेवला, न जुळवलेला साधा ग्राहक घेतला आणि कानाला इअरफोन लावला. तीन टिंबं ऐकू आली असं तो म्हणाला. त्याचा सहकारी केम्प यानंही ऐकली. तिसरं कुणी नाही. ती टिंबं खरंच आली होती की खरखरीत भास झाला, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. फिरत्या अँटेनाचे दोन्ही भोग या एका दुपारी दिसले : तार हलली की सूर सुटतो, आणि स्वतःच स्वतःला ‘आलं’ म्हटलं तर जग मानत नाही.

टाकाऊ माळ

त्या काळात समज असा की लाट जितकी लांब, तितकी ती दूर जाते. म्हणून बड्या कंपन्यांचे अँटेना शेकडो मीटर पसरलेले असत. हौशी लोकांची गर्दी नको म्हणून अमेरिकेनं 1912च्या कायद्यानं त्यांना 200 मीटरपेक्षा आखूड लाटांवर हाकललं. सरकारच्या मते तो टाकाऊ माळ होता. त्याच माळाखाली पाणी लागलं. नोव्हेंबर 1923मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशी केंद्रांनी सुमारे 110 मीटर लाटेवर अटलांटिक ओलांडून दुतर्फा गप्पा मारल्या. आखूड लाट आकाशातल्या आयनांच्या थरावरून परतते आणि थोड्या ताकदीत समुद्र ओलांडते, हे व्यवहारात सिद्ध झालं.

फिरत्या अँटेनासाठी ही सर्वांत मोठी घटना होती. चांगला अँटेना लाटेच्या निम्म्या किंवा पाव लांबीचा लागतो. हजार मीटरच्या लाटेला पाव म्हटलं तरी अडीचशे मीटर तार. चाळीस मीटरच्या लाटेला दहा मीटर, म्हणजे एका लिंबाची उंची. वीस मीटरच्या लाटेला पाच. लाट आखडली तसा अँटेना माणसाच्या हातात मावू लागला.

आखूड लाटेचा फायदा महाराष्ट्रानं लवकर पाहिला, पण तो साम्राज्याच्या कामी आला. 1927 साली भारत आणि इंग्लंड यांच्यातली ‘बीम’ तारसेवा सुरू झाली. पुण्याजवळ खडकीला तिचं प्रक्षेपण केंद्र, दौंडला ग्रहण केंद्र. उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगून सगळी ताकद एकाच दिशेला, इंग्लंडकडं, झोकली जाई. हौशी माणसाकडं मनोरे नव्हते. भारतातला पहिला हौशी प्रसारक म्हणून अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचं नाव सांगतात, कलकत्त्यात, 1921 साली. त्यांच्यासारख्यांची सगळी मदार घराच्या गच्चीवर मावेल तेवढ्या तारेवर.

आज कुरुंद्यात मी जी तार टांगतो, तिचं कूळ मात्र गच्चीवरचं नाही, आभाळातलं आहे. झेपेलिन हवाई जहाजं हायड्रोजननं भरलेली असत. ठिणग्यांचं बिनतारी यंत्र त्या फुग्याखाली चालवायचं म्हणजे आगीशी खेळ, आणि हवेत तरंगत्या वस्तूला जमिनीत पुरायला दुसरी तार कुठली? 1909 साली हान्स बेगरो या जर्मन संशोधकानं तोडगा काढला : लाटेच्या निम्म्या लांबीची एकच तार खाली सोडायची आणि तिला टोकाकडून वीज द्यायची. अर्ध्या लाटेच्या तारेच्या टोकाशी व्होल्टेज भरपूर असतं, प्रवाह नगण्य, त्यामुळं जमिनीची गरज जवळजवळ संपते. जहाजं गेली, तार राहिली. हॅम लोक तिला अजून ‘झेप’ म्हणतात. तिची नात म्हणजे टोकाकडून जोडलेली अर्ध्या लाटेची तार, आज पाठीवरच्या पिशवीत जाणारा सगळ्यात लाडका अँटेना. टोकाचा अडथळा अडीच हजार ओहमच्या आसपास, रेडिओला हवेत पन्नास. म्हणून माझ्याजवळच्या डबीत फेराइटच्या कड्यावर एकास सात वेढ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. साताचा वर्ग एकोणपन्नास, आणि पन्नास गुणिले एकोणपन्नास म्हणजे 2450. हिशेब जमतो.

बेचाळीस पूर्णांक चौतीस

मराठी मुलुखातल्या फिरत्या अँटेनाची सर्वांत थरारक गोष्ट हौशी माणसांच्या हातून घडली, पण ती हौस नव्हती. महायुद्ध सुरू झालं तसे सरकारनं हौशी परवाने रद्द केले, यंत्रं जमा करायला लावली. ऑगस्ट 1942मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, आणि 27 ऑगस्टला मुंबईतून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. सोबत विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर, आणि यंत्राची बाजू सांभाळायला नरिमन प्रिंटर. साहित्यासाठी शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींची मदत. राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन.

लाट होती 42.34 मीटर. भागाकार करून पाहिला की अंगावर काटा येतो : 7.08 मेगाहर्ट्झ. आज भारतातले हॅम 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झवर रोज बोलतात. तो स्वातंत्र्याचा आवाज बरोबर आमच्या पट्ट्यात होता.

पोलिसांच्या शोधगाड्या मागावर होत्या, म्हणून केंद्र सतत हलवावं लागे. चौपाटीजवळून लॅबर्नम रोड, तिथून सँडहर्स्ट रोड, पुढं गिरगाव, महालक्ष्मी. बिऱ्हाड हलवताना यंत्र हलतं, पण जुळणी हलत नाही. प्रत्येक गच्ची वेगळी. पलीकडची लोखंडी खांडं, पाण्याची टाकी, ओली भिंत, या सगळ्यांशी तारेचं नवं नातं जमतं आणि सूर सरकतो. अर्ध्या लाटेची पुरी तार म्हणजे वीस-एकवीस मीटर. दाट वस्तीत ती उघड्यावर ताणणं म्हणजे स्वतःचा पत्ता टांगणं. आणि गुप्त केंद्राला ‘आलं का?’ असं मोठ्यानं विचारता येत नाही. 12 नोव्हेंबर 1942ला छापा पडला. जेमतेम अडीच महिने. पकडलेल्या प्रिंटरनंच शेवटी जागा दाखवली. शोधगाड्यांपेक्षा माणूस कच्चा निघाला.

त्याच काळात युरोपात ब्रिटिश हेर सुटकेसमध्ये रेडिओ घेऊन उतरत होते. ‘पॅरासेट’ हे त्यातलं एक साधं यंत्र, ताकद चार-पाच वॅट, म्हणजे माझ्या डब्याएवढीच. पोटमाळ्यावर मिळेल ती तार टाकायची आणि पुढच्या पट्टीवरचं बटण फिरवायचं. त्या पट्टीवर दोन बारीक बल्ब होते. अँटेनाचा बल्ब सर्वांत जास्त उजळला की जुळलं. अल्फोन्सोच्या बंदुकीच्या जागी दिवा आला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा आता एकाच खोलीत होते. सोय झाली, पण एक गफलतही शिरली. बल्ब फक्त एवढंच सांगतो की तारेत वीज गेली. ती पुढं आभाळात गेली की माळ्यावरच्या ओल्या वाशात मुरली, हे तो सांगत नाही.

आखूड तारेचा हिशेब

युद्ध संपलं आणि लष्कराचे जुने रेडिओ बाजारात आले. मुंबईच्या चोरबाजारात, लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या त्या भंगारावर भारतातल्या हॅमची एक पिढी वाढली. ती यंत्रं उचलायला दोन माणसं लागत. मग ट्रान्झिस्टर आला. तारयंत्रणेच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूआरपी’ म्हणजे ‘ताकद कमी करा’. काही हौशींनी त्या आज्ञेचंच व्रत केलं : मोर्स असेल तर पाच वॅट, बोलणं असेल तर दहा, त्यावर नाही. अमेरिकेत 1961 साली, इंग्लंडमध्ये 1974 साली त्यांचे क्लब निघाले. इंग्लंडच्या क्लबाचे संस्थापक जॉर्ज डॉब्स हे चर्चचे पाद्री. कमी ताकद हा त्यांना अपुरेपणा वाटत नव्हता, संयम वाटत होता. शंभर वॅटऐवजी पाच वापरले तर पलीकडच्या काट्यावर जेमतेम दोन घरांचा फरक पडतो. ज्याच्याकडं संयम आणि चांगली तार आहे, त्याला दोन घरं जड जात नाहीत.

इथं मात्र ‘चांगली तार’ हे शब्द महत्त्वाचे. रेडिओ खिशात मावू लागला तसा अँटेनाही खिशात मावावा असं सगळ्यांना वाटू लागलं. 1947 साली हॅरल्ड व्हीलर आणि 1948 साली लान चू यांनी गणितानं दाखवलं की लहान अँटेनाला निसर्गाची मर्यादा आहे. लहान आकार, उत्तम कार्यक्षमता आणि रुंद पट्टा, या तिन्हींपैकी दोन घ्या, तिसरं सोडा.

हिशेब करून पाहू. 7.1 मेगाहर्ट्झसाठी जमिनीवर उभा केलेला पुरा पाव लाटेचा अँटेना दहा मीटर. त्याचा प्रसारण-अडथळा 36 ओहम. खालच्या मातीत आणि जोडण्यांत समजा 15 ओहम वाया जातात. तरी सत्तर टक्के ताकद आभाळात जाते. आता दहा मीटरऐवजी अडीच मीटरची घडीची काठी घ्या आणि उरलेली लांबी खालच्या वेटोळ्यानं भरून काढा. प्रसारण-अडथळा घसरून दीड ओहमच्या आत येतो. वाया जाणारे 15 तसेच, उलट वेटोळ्याचे आणखी वाढतात. म्हणजे आठ टक्केसुद्धा बाहेर जात नाहीत. पाच वॅटमधले चारशे मिलिवॅट आभाळाला, बाकी सगळे मातीला.

आणि गंमत पुढं आहे. या काठीचा एकूण अडथळा साधारण सोळा ओहम, रेडिओला हवेत पन्नास, म्हणून परतीच्या विजेचं माप, ज्याला आम्ही एसडब्ल्यूआर म्हणतो, तीन दाखवतं. तीन म्हणजे नापास. आता काठीखाली जमिनीवर पसरलेल्या तारा काढून टाका, जमिनीचा संबंध बिघडवा. वाया जाणारा अडथळा 15 वरून 48 वर गेला की एकूण बेरीज पन्नास होते आणि माप दाखवतं एकास एक. पैकीच्या पैकी! प्रत्यक्षात आता तीन टक्के ताकदही बाहेर जात नाही. जमिनीचा संबंध जितका वाईट, तितका आकडा गोड. पन्नास ओहमचा बंद डबा जोडला तरी माप हेच सांगेल : जुळलं.

छोट्या अँटेनाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी फसगत आहे आणि दर पिढीतले नवखे तीत पडतात. मीही पडलो. एका माळरानावर आकडा 1.1 आला म्हणून मी खूश होतो, आणि दोन तास हाका मारून कुणीही ओ दिली नाही.

दुसरा मार्ग कड्याचा. मीटरभर व्यासाचं तांब्याचं कडं आणि त्याला जोडलेला फिरता कपॅसिटर. हर्ट्झच्या कड्याचा हा नातू कार्यक्षम असतो, लहान असतो, पण चू-व्हीलरची तिसरी अट वसूल करतो : पट्टा सुईच्या नेढ्याएवढा. बटण केसभर फिरलं की सूर गेला. हात जवळ नेला की सूर सरकला, हात काढला की पुन्हा सरकला. पाच वॅटमध्येसुद्धा त्या कपॅसिटरवर हजार व्होल्टच्या घरात दाब येतो. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याचा संयम ज्याच्याकडं नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये.

किल्लारी आणि पोर्ट ब्लेअर

30 सप्टेंबर 1993ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. टेलिफोन कोलमडलेल्या त्या भागात हॅम लोक आपली यंत्रं घेऊन पोचले. अशा ठिकाणी दूरदेशी पोचणारा उंच अँटेना उपयोगाचा नसतो. हवे असतात लातूर, सोलापूर, हैदराबाद, पुणे, म्हणजे तीन-चारशे किलोमीटरच्या घेऱ्यातले लोक. त्यासाठी तार मुद्दाम खाली बांधतात, माणसाच्या दुप्पट उंचीवर. तशी तार ताकद जवळजवळ सरळ वर फेकते, आयनांचा थर ती परत खाली टाकतो आणि पाऊस पडावा तशी ती आसपासच्या जिल्ह्यांवर पडते. डोंगर मध्ये येत नाहीत, दऱ्या सुटत नाहीत. गरिबाची वाटणारी ती तार अशा वेळी सर्वांत शहाणी असते.

डिसेंबर 2004मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद एका चमूसह अंदमानला गेल्या. हेतू हौसेचा : तिथून फारसं कुणी बोलत नाही, जगभरच्या हॅमना त्या बेटाशी संपर्क हवा असतो. 26 डिसेंबरला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलातलं तेच केंद्र मुख्यभूमीशी बोलणारा धागा झालं. हौसेनं जुळवून ठेवलेली तार कामाला आली. 2022च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं तेव्हा मला अंदमानची ती गोष्ट आठवली. तार पूर यायच्या आधी जुळलेली असावी लागते. पाणी चढल्यावर बेचकी कुठं शोधणार?

नळाचे वॉशर

कुरुंदा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, राजधानी हैदराबाद. या गोष्टीतला शेवटचा मोठा टप्पाही हैदराबादचाच आहे. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचं प्रसारक-ग्राहक यंत्र रचलं. परदेशी सुटे भाग महाग आणि दुर्मीळ, म्हणून भारतात कुठंही मिळणाऱ्या वस्तूंनी ते बनेल अशी रचना. त्यातली काही वेटोळी चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची. नकाशा सगळ्यांना खुला. जगभरच्या हजारो लोकांनी तो रेडिओ बनवला. भारतीय हॅमला पाच-सात वॅटचा, खिशाला परवडणारा, पिशवीत जाणारा रेडिओ मिळाला तो इथून. फरहान यांनीच पुढं ‘अँटुइनो’ हे अँटेना तपासायचं स्वस्त यंत्र केलं.

अशा तपासयंत्रांचा राजा म्हणजे ‘नॅनोव्हीएनए’. जपानमधल्या एका हौशी माणसाची मूळ रचना, 2019च्या सुमारास चिनी कारखान्यांतून जगभर गेली. मोबाइलपेक्षा लहान, आणि एकेकाळी प्रयोगशाळेतल्या लाखो रुपयांच्या यंत्रांनी होणारं काम करतं. त्याच्या पडद्यावर एक गोल नकाशा उमटतो, वर्तुळांत वर्तुळं. 1939 साली फिलिप स्मिथनं तो कागदावर छापला होता, इंजिनियर त्यावर पेन्सिलीनं रेघा ओढत. आता तार हलली की टिंब त्या नकाशावर डोळ्यांदेखत सरकतं. मध्यावर आलं की जुळलं.

ठिणगी, बंदूक, कान, बल्ब, काटा, टिंब. उत्तर दरवेळी जवळ येत गेलं, अचूक होत गेलं. बल्बपासून मात्र एक गोष्ट तशीच राहिली : ही यंत्रं तारेच्या अलीकडच्या टोकाला बसतात. आभाळात काय झालं, ते त्यांना ठाऊक नसतं.

वावरात

तर कुरुंदा. पुतण्या धुऱ्यावर उभा आहे. साडेवीस मीटर तार घेतली होती, मुद्दाम थोडी जास्त. कापलेली तार परत वाढत नाही, म्हणून आधी लांब ठेवायची. पडद्यावरची दरी 6.92 मेगाहर्ट्झला दिसतेय. ओली पानं तारेला टेकली, तार जमिनीजवळ आली, की सूर खाली सरकतो. मला 7.08 हवं आहे. आकडा मुद्दाम निवडला आहे, मुंबईच्या त्या गच्च्यांसाठी. त्रैराशिक मांडलं : सेहेचाळीस सेंटिमीटर जास्त आहे.

“एक हात दुमड,” मी ओरडतो.

हात म्हणजे अठरा इंच, सेहेचाळीस सेंटिमीटर. जुनं माप बरोबर बसलं. त्यानं टोक दुमडून पीळ दिला आणि दरी 7.08वर येऊन थांबली.

इथली काळी माती या कामात मैत्रीण आहे. पावसाळ्यानंतर ती ओलावा धरून ठेवते, वीज चांगली वाहते, उभ्या काठीखाली चार तारा पसरल्या की भागतं. जवळच्या टोकाईच्या गडावर गेलं की खाली खडक. तिथं माती उपयोगी पडत नाही, उंची पडते, म्हणून तिथं हीच अर्ध्या लाटेची तार बरी. वावरातला खरा शत्रू मात्र माती नाही, गोंगाट. पंपांचे स्टार्टर, स्वस्त एलईडी, सौर पंपांचे इन्व्हर्टर, सगळे मिळून पट्टाभर खरखर करतात. गावात लाईट गेली की लोक हळहळतात. मी त्या वेळेची वाट पाहतो. लाईट गेली आणि कानातली खरखर एकदम मिटली, की पूर ओसरल्यावर दगड दिसावेत तसे दबलेले आवाज वर येतात.

शेजारच्याच तालुक्यात, औंढा नागनाथजवळ, एक प्रचंड अँटेना उभा राहणार आहे. ‘लायगो-इंडिया’. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. रेडिओच्या लाटा नाही, अवकाश-काळाच्याच लाटा पकडायच्या. पुतण्याला त्याचं कौतुक, की आपल्या जिल्ह्यात एवढं मोठं काही येतंय. मला त्यातलं दुसरंच आवडतं. 14 सप्टेंबर 2015ला अमेरिकेत अशी पहिली लाट सापडली ती दोन यंत्रांत, तीन हजार किलोमीटर अंतरावर, सात मिलिसेकंदांच्या फरकानं. एकट्या यंत्रानं ‘आलं’ म्हटलं असतं तर कुणी मानलं नसतं. सिग्नल हिलवरचा धडा विज्ञान इतका मनापासून शिकलं आहे. औंढ्याचं यंत्र हवंय तेही याचसाठी : दूरवरच्या भावंडांना दुजोरा द्यायला आणि लाट आभाळाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली ते नेमकं सांगायला.

लाईट गेली तेव्हा सहा वाजले होते. मी मोर्सची छोटी कळ मांडीवर घेतली आणि हाक दिली. थांबलो. परत दिली. पुतण्या टोक झाडाच्या बुंध्याला बांधून जवळ येऊन बसला. पडद्यावरचं टिंब अगदी मध्यावर होतं. त्यानं बोट ठेवून दाखवलं, “हे बघा की, आलंय.”

“अजून नाही.”

चौथ्या हाकेनंतर खरखरीच्या तळातून टिंबं-रेघा उमटल्या. माझंच नाव, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं. हैदराबादचा कुणी. सोबत आकडे : वाचायला येतंय, पण क्षीण आहे. मी तो निरोप कागदावर उतरवला आणि कागद पुतण्याकडं सरकवला. त्याला मोर्स येत नाही, पण वही त्यानं दोन्ही हातांनी धरली.

“आता आलं,” मी म्हणालो.